उपकरणाला नेमके एसी व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येथील उत्तरे प्रामुख्याने लहान स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरविषयी आहेत, म्हणजे मुख्य पुरवठ्याचे व्होल्टेज उतरवून ६ ते ४८ व्होल्ट एसी देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरविषयी. आलेल्या बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच गैरसमज दिसतो: ट्रान्सफॉर्मरवर छापलेले व्होल्टेज म्हणजे त्याचा कायमचा गुणधर्म, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात तो आकडा ठरावीक इनपुट व्होल्टेज, ठरावीक फ्रिक्वेन्सी आणि पूर्ण लोड (ट्रान्सफॉर्मरला सोसवेल तेवढा सगळा प्रवाह घेणारी जोडणी) या तीन अटी पाळल्या गेल्या तरच खरा ठरतो.

प्रायमरीच्या, म्हणजे मुख्य पुरवठ्याला जोडल्या जाणाऱ्या गुंडाळीच्या, बाजूला जिवावर बेतेल इतके व्होल्टेज असते. त्या बाजूची कोणतीही जोडणी प्लग काढूनच करावी आणि या कामाचा सराव नसेल तर जाणकाराकडून करून घ्यावी.

१. माझ्या उपकरणाला किती व्होल्ट लागतात आणि ते एसी की डीसी, हे कुठे पाहायचे?

प्रथम उपकरणाच्या पाठीवरचे किंवा पिन जेथे खोचली जाते तेथील लेबल पाहावे. व्होल्टच्या आकड्याशेजारी नागमोडी रेघ किंवा ‘एसी’ ही अक्षरे असतील तर एसी हवे. सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल तर डीसी हवे. त्याच ओळीत अँपिअर, वॉट किंवा व्हीए (प्रश्न ५ पाहा) यांपैकी काहीतरी दिलेले असते आणि तोही आकडा टिपून ठेवावा, कारण नुसत्या व्होल्टवरून ट्रान्सफॉर्मर निवडता येत नाही.

लेबल पुसले गेले असेल तर मूळ अडॅप्टरवरची ‘आउटपुट’ची ओळ प्रमाण मानावी. अडॅप्टरही हरवला असेल तर उपकरण उघडून आतल्या मुख्य फिल्टर कपॅसिटरवरचा (डीसी सपाट करणाऱ्या मोठ्या कपॅसिटरवरचा) व्होल्टेजचा आकडा पाहता येतो. त्यावरून नेमके व्होल्टेज कळत नाही, पण कमाल मर्यादा मात्र कळते (प्रश्न ६ पाहा). पिन व्यवस्थित बसते, एवढ्यावरून अडॅप्टर योग्य आहे असे कधीही समजू नये. एकाच मापाची गोल पिन एसी आणि डीसी दोन्ही अडॅप्टरना सर्रास लावलेली असते.

२. एसी अडॅप्टर हरवला आहे. तेवढ्याच व्होल्टचा डीसी अडॅप्टर लावला तर चालेल का?

बहुधा नाही. उपकरणाच्या निर्मात्याने मुद्दाम एसी मागितलेले असते तेव्हा त्यामागे सहसा कारण असते. ऑडिओ मिक्सरसारख्या उपकरणांत एकाच एसी पुरवठ्यातून धन आणि ऋण असे दोन्ही पुरवठे तयार केले जातात, आणि डायोड-कपॅसिटरच्या साखळीने मायक्रोफोनसाठी लागणारे ४८ व्होल्टही त्यातूनच चढवले जातात. डीसी दिल्यास यांपैकी एकच बाजू जागी होते आणि उपकरण अर्धवट चालते किंवा अजिबात चालत नाही. उपकरणाच्या तोंडाशी फक्त ब्रिज रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारे चार डायोड) असेल तर डीसीवरही ते चालू शकते, परंतु सर्किट पाहिल्याशिवाय तसे ठरवता येत नाही.

याउलट चूक अधिक महागात पडते. डीसी मागणाऱ्या उपकरणाला एसी दिल्यास दर आवर्तनात निम्मा वेळ उलटी ध्रुवता मिळते, त्यामुळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तापून फुटू शकतात आणि आयसी कायमच्या निकामी होतात.

३. ट्रान्सफॉर्मरमधून किती व्होल्टेज मिळणार हे कशावर ठरते?

प्रायमरी आणि सेकंडरी (आउटपुट देणारी गुंडाळी) यांच्या वेढ्यांच्या गुणोत्तरावर. २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करायचे तर प्रायमरीचे साधारण १९ वेढे असतील तेव्हा सेकंडरीचा एक, असे प्रमाण ठेवावे लागते. हे गुणोत्तर पक्के असल्यामुळे ट्रान्सफॉर्मर पुरवठ्यातील चढउतार दुरुस्त करत नाही, तो जसाच्या तसा पुढे पाठवतो. २३० व्होल्टचा पुरवठा दहा टक्क्यांनी घसरून २०७ झाला तर बाराचे १०.८ होतात आणि २५३ पर्यंत चढला तर १३.२ होतात. उपकरणाला याहून स्थिर पुरवठा हवा असेल तर पुढे रेग्युलेटर किंवा आधी स्टॅबिलायझर लागतो. निव्वळ ट्रान्सफॉर्मर बदलून ते साधत नाही.

४. नवा १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणला, पण मीटर १५ व्होल्ट दाखवतो. तो खराब आहे का?

बहुतेक वेळा तो अगदी ठीक असतो. छापलेले १२ व्होल्ट हे पूर्ण लोडवरचे असतात. लोड लावल्यावर प्रवाह वाहू लागतो, वेढ्यांच्या तारेच्या रोधात काही व्होल्ट खर्ची पडतात, आणि ही घट आधीच लक्षात घेऊन उत्पादक सेकंडरीला थोडे जास्त वेढे देतो. लोड नसेल तर घट होत नाही, म्हणून मीटर जास्त दाखवतो. लहान ट्रान्सफॉर्मरची तार बारीक आणि वेढे पुष्कळ, त्यामुळे त्यांच्यात हा फरक मोठा असतो: काही मोजक्या व्हीएच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये २५ टक्के किंवा त्याहूनही अधिक, तर शंभर व्हीएच्या आसपास साधारण दहा टक्के.

खरी परीक्षा लोड लावूनच होते. समजा ट्रान्सफॉर्मर १२ व्होल्ट, ६ व्हीएचा आहे. त्याचा पूर्ण प्रवाह अर्धा अँपिअर, म्हणून २४ ओहमचा रेझिस्टर हा त्याचा पूर्ण लोड होतो. त्यात ६ वॉट उष्णता निर्माण होईल, तेव्हा किमान १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर घ्यावा, तो हवेत मोकळा ठेवावा आणि चालू असताना त्याला हात लावू नये. रेझिस्टर सेकंडरीला जोडून त्याच्या दोन टोकांवर मीटर धरावा. रिकामा असताना १५ दाखवणारा ट्रान्सफॉर्मर आता १२ च्या जवळ येऊन थांबला, तर त्याच्यात काहीही दोष नाही. लोडवरही तो १४-१५ व्होल्टच राहिला तर लेबल चुकीचे आहे किंवा पुरवठा प्रायमरीच्या जोडलेल्या तारेवर (टॅपवर) लिहिलेल्या व्होल्टेजपेक्षा जास्त आहे (प्रश्न १०), आणि खूपच खाली, ८-९ व्होल्टवर गेला तर ट्रान्सफॉर्मर लेबलवर लिहिलेल्या क्षमतेचा नाही.

उपकरण मात्र पूर्ण लोडपेक्षा फारच कमी प्रवाह घेणारे असेल, तर त्याला कायम वाढीव व्होल्टेजच मिळत राहील, हे विसरू नये.

५. व्हीए म्हणजे काय? किती व्हीएचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा?

सेकंडरीचे व्होल्ट आणि तिला सोसवणारे अँपिअर यांचा गुणाकार म्हणजे व्हीए. २४ व्होल्ट, ४० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर सुमारे १.६७ अँपिअर देऊ शकतो. ‘जास्त अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर लावला तर उपकरण जळेल का’ असे पुष्कळ जण विचारतात. जळणार नाही, कारण व्होल्टेज योग्य असेल तर उपकरण आपल्याला हवा तेवढाच प्रवाह ओढते. गरजेपेक्षा २५ ते ५० टक्के अधिक क्षमता घेणे शहाणपणाचे, आणि मोटर किंवा पंप असेल तर त्याहून बरीच अधिक, कारण मोटर सुरू होताना तिचा प्रवाह नेहमीच्या कित्येक पट होतो व तेवढ्या क्षणापुरते व्होल्टेज कोसळते.

फार मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा एक धोका मात्र फारसा बोलला जात नाही. ५ व्हीएच्या उपकरणाला २०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर जोडला आणि उपकरणात शॉर्ट झाला, तर ट्रान्सफॉर्मर त्या शॉर्टला भरपूर प्रवाह पुरवतो. प्रायमरीचा फ्यूज मोठा असल्यामुळे तो उडण्याआधी बारीक वायर पेटण्याची शक्यता असते. अशा वेळी सेकंडरीच्या बाजूला उपकरणाच्या गरजेनुसार स्वतंत्र फ्यूज बसवणे आवश्यक आहे.

६. सर्किटला १ अँपिअर डीसी लागते. १२ व्होल्ट, १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर आणि ब्रिज रेक्टिफायर पुरेल ना?

पुरणार नाही, आणि ट्रान्सफॉर्मर जळण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. फिल्टर कपॅसिटर सतत प्रवाह घेत नाही. तो फक्त लाटेच्या शिखराजवळ थोडा वेळ जोरात भरला जातो. या तुटक, उंच प्रवाहाचे आरएमएस मूल्य (उष्णतेच्या दृष्टीने परिणामकारक मूल्य) डीसी प्रवाहाच्या साधारण १.६ ते १.८ पट येते आणि वेढे तापतात ते त्याच मूल्याने. म्हणून १ अँपिअर डीसीसाठी सेकंडरी किमान १.८ अँपिअरची घ्यावी.

व्होल्टेजचा हिशेबही वेगळा करावा लागतो. १२ व्होल्ट हे आरएमएस मूल्य. लाटेचे शिखर त्याच्या १.४१ पट, म्हणजे सुमारे १७ व्होल्ट. ब्रिजमधील दोन डायोडचे १.४ व्होल्ट वजा जाता साडेपंधरा व्होल्ट डीसी उरते. ट्रान्सफॉर्मर रिकामा असताना १५ व्होल्ट देत असेल तर हाच आकडा २० पर्यंत जातो आणि पुरवठा दहा टक्के चढला तर २२ च्या घरात. तेव्हा ‘बारा व्होल्टचेच तर आहे’ म्हणून १६ व्होल्टचा कपॅसिटर लावणे चूक आहे. २५ व्होल्टचा जेमतेम चालतो, ३५ व्होल्टचा निर्धास्तपणे वापरता येतो.

७. ‘१२-०-१२’ याचा अर्थ काय? त्यातून २४ व्होल्ट मिळतील का?

मिळतील. मधली तार हा सेंटर टॅप आहे; मधल्या तारेपासून प्रत्येक टोकापर्यंत १२ आणि दोन टोकांमध्ये २४ व्होल्ट असतात. २४ व्होल्टसाठी दोन टोके वापरावीत व मधली तार नीट इन्सुलेट करून बाजूला ठेवावी. १२ व्होल्टसाठी मधली तार आणि कोणतेही एक टोक वापरावे, पण मग अर्धीच सेकंडरी कामात येते आणि ट्रान्सफॉर्मरच्या एकूण व्हीएपैकी निम्मेच हाती लागतात.

दोन्ही टोकांवर १२ व्होल्टच आहेत, असे समजून ती एकमेकांना जोडू नयेत. मधल्या तारेच्या तुलनेत ती विरुद्ध फेजमध्ये असतात, म्हणून त्यांना जोडणे हा सरळ २४ व्होल्टचा शॉर्ट ठरतो.

८. एकाच ट्रान्सफॉर्मरवर दोन वेगळ्या सेकंडरी आहेत. त्या जोडून व्होल्टेज किंवा प्रवाह वाढवता येतो का?

दोन्ही येते. सीरिजमध्ये जोडल्यास व्होल्टेजची बेरीज होते, मात्र दिशा उलटी झाली तर वजाबाकी होते. सुरुवातीची टोके दाखवणारे ठिपके आकृतीत दिलेले असतात. ते नसतील तर दोन्ही सेकंडरींचे एकेक टोक जोडून उरलेल्या दोन टोकांत मीटर लावावा. ९ आणि ९ व्होल्टच्या सेकंडरींसाठी १८ दिसले तर बेरीज, शून्याजवळ काही दिसले तर वजाबाकी.

पॅरलल जोडणीसाठी नेमके हे शून्यच हवे असते. उरलेल्या दोन टोकांत शून्याच्या अगदी जवळचे वाचन आल्यावरच ती टोके एकत्र करावीत. सारख्या व्होल्टेजच्या आणि एकाच गाभ्यावरच्या (वेढ्यांच्या आतल्या लोखंडावरच्या) सेकंडरीच पॅरलल कराव्यात. दोन स्वतंत्र ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरी पॅरलल करणे टाळावे, कारण त्यांच्या व्होल्टेजमधल्या थोड्याशा फरकानेही दोघांमध्ये निष्कारण प्रवाह फिरत राहतो.

९. लोडवर मोजले तरी व्होल्टेज दोन-तीन व्होल्ट जास्तच आहे. ते एसीतच कमी कसे करावे?

योग्य ट्रान्सफॉर्मर आणणे हा सर्वांत सरळ उपाय. ते शक्य नसेल तर दुसरी लहान सेकंडरी उलट दिशेने सीरिजमध्ये जोडून वजाबाकी करावी: १२ व्होल्टच्या सेकंडरीला ३ व्होल्टची विरुद्ध जोडली की ९ व्होल्ट उरतात. दोन्ही सेकंडरी लोडचा पूर्ण प्रवाह सोसणाऱ्या हव्यात. लोड बदलला तरी ही घट टिकून राहते, हा या पद्धतीचा मोठा फायदा आहे.

एक-दीड व्होल्टच कमी करायचे असतील तर उलटसुलट पॅरलल जोडलेल्या दोन डायोडच्या जोड्या सीरिजमध्ये घालता येतात. प्रत्येक जोडी सुमारे ०.७ व्होल्ट खाते आणि प्रवाहाच्या प्रमाणात तापते. सीरिज रेझिस्टर फक्त प्रवाह स्थिर असेल तेव्हाच चालतो. दिव्याचा डिमर मात्र वापरू नये. तो लाट कापतो, आरएमएस कमी करतो, पण शिखर बऱ्याचदा तसेच ठेवतो, त्यामुळे रेक्टिफायर असलेल्या उपकरणाला त्याचा काहीच उपयोग होत नाही. शिवाय डिमरने दोन्ही अर्ध्या लाटा सारख्या कापल्या नाहीत तर ट्रान्सफॉर्मरचा गाभा संपृक्त होऊन (त्यात आणखी चुंबकत्व मावेनासे होऊन) तो तापतो.

१०. प्रायमरीला २२०, २३० आणि २४० अशा तारा आहेत. कोणती जोडायची?

प्रत्यक्ष पुरवठा मोजून त्याच्या सर्वांत जवळची. २२० च्या टॅपला २४० दिले तर सेकंडरीचे प्रत्येक व्होल्टेज ९ टक्क्यांनी वाढते आणि गाभाही जास्त तापतो. याउलट व्होल्टेज किंचित कमी हवे असेल तर वरचा टॅप निवडणे हा पूर्णपणे सुरक्षित मार्ग आहे. ११५ व्होल्टच्या दोन प्रायमरी असतील तर २३० साठी त्या सीरिजमध्ये आणि ११५ साठी पॅरललमध्ये जोडाव्यात, ठिपक्यांची दिशा सांभाळून.

११. ६० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर चालेल का?

व्होल्टेज जुळत असले तरी लेबलवर फक्त ६० हर्ट्झ असेल तर नाही. फ्रिक्वेन्सी उतरली की त्याच व्होल्टेजला गाभ्यातील फ्लक्स, म्हणजे चुंबकत्वाचे प्रमाण, वाढतो. ६० वरून ५० वर आल्यास तो वीस टक्क्यांनी वाढतो, गाभा संपृक्त होतो, गुणगुण वाढते आणि लोड नसतानाही ट्रान्सफॉर्मर तापतो. १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर १०० व्होल्टपर्यंतच चालवणे योग्य. ५० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर ६० वर चालवण्यास मात्र हरकत नाही, आणि ‘५०/६०’ लिहिले असेल तर प्रश्नच नाही.

ट्रान्सफॉर्मर फ्रिक्वेन्सी बदलत नाही, हेही ध्यानात ठेवावे. पुरवठ्याच्या फ्रिक्वेन्सीवर वेळ मोजणारे ६० हर्ट्झचे घड्याळ ५० हर्ट्झवर तासाला दहा मिनिटे मागे पडते, व्होल्टेज कितीही नेमके दिले तरी.

१२. ट्रान्सफॉर्मरजवळ २४ व्होल्ट आहेत, पण लांबच्या उपकरणापाशी २१ च. का?

वायरमध्ये व्होल्टेज खर्ची पडते, आणि कमी व्होल्टेजच्या पुरवठ्यात ते विशेष जाणवते. तांब्याच्या ०.७५ चौरस मिलिमीटर वायरने ३० मीटरवर पुरवठा नेला, तर जाण्या-येण्याची मिळून ६० मीटर तार होते व तिचा रोध सुमारे १.४ ओहम भरतो. २ अँपिअर वाहत असताना २.८ व्होल्ट वाटेतच संपतात. २.५ चौरस मिलिमीटरची वायर टाकल्यास हीच घट एका व्होल्टच्याही आत येते. जास्त व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून ही तूट भरून काढू नये; उपकरण कमी प्रवाह घेईल त्या क्षणी त्याच्यावर जादा व्होल्टेज येईल.

१३. हॅलोजन दिव्याचा १२ व्होल्टचा ‘इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर’ दुसऱ्या उपकरणाला वापरता येईल का?

नाही. त्याचे आउटपुट ५० हर्ट्झचे नसून हजारो हर्ट्झचे असते, किमान लोड नसेल तर तो सुरूच होत नाही, आणि साधा मीटर त्याचे व्होल्टेज चुकीचे दाखवतो. लोखंडी गाभ्याच्या ट्रान्सफॉर्मरसाठी किंवा साध्या डायोडसाठी बनवलेल्या सर्किटला तो जोडू नये.

१४. ऑटोट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज बरोबर येते आणि तो हलकाही असतो. मग तोच का वापरू नये?

२३० चे ११५ करण्यासारख्या कामात, आणि उपकरणाचे स्वतःचे इन्सुलेशन मुख्य पुरवठ्यासाठी बनवलेले असेल तर, तो चालतो. पण ऑटोट्रान्सफॉर्मरमध्ये इनपुट आणि आउटपुटचे वेढे एकच असतात. व्हेरिअ‍ॅकचा (व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ऑटोट्रान्सफॉर्मरचा) काटा १२ व्होल्टवर ठेवला तरी त्याचे एखादे टोक जमिनीच्या तुलनेत पूर्ण २३० व्होल्टवर असू शकते, आणि वेढा मध्येच तुटला तर संपूर्ण पुरवठा उपकरणावर येतो. हात लागू शकेल अशा कमी व्होल्टेजच्या उपकरणासाठी दोन स्वतंत्र गुंडाळ्यांचा सेफ्टी आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मरच हवा. अशा ट्रान्सफॉर्मरसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६१५५८ हे आहे व त्याचा उल्लेख लेबलवर शोधावा. या बाबतीत तडजोड करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१५. १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर उलटा जोडून २३० व्होल्ट मिळवता येतील का?

मिळते, पण अपेक्षेपेक्षा कमी. प्रश्न ४ मध्ये सांगितलेले सेकंडरीचे जादा वेढे येथे आडवे येतात. रिकामा असताना १५ व्होल्ट देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला १२ व्होल्ट दिले, तर पलीकडे १२ भागिले १५ गुणिले २३०, म्हणजे जेमतेम १८४ व्होल्ट येतात, आणि लोडवर त्याहूनही कमी. ते १८४ व्होल्टही तितकेच घातक असतात.

१६. ट्रान्सफॉर्मर बंद असतानाही मीटर ३०-४० व्होल्ट दाखवतो. हे कुठून येतात?

शेजारच्या जिवंत वायरमधून कपॅसिटिव्ह जोडणीने येणारे हे भासमान व्होल्टेज असते. डिजिटल मीटरचा रोध सुमारे १० मेगाओहम असल्यामुळे नगण्य प्रवाहावरही तो आकडा दाखवतो. एखादा लहान लोड लावताच आकडा कोसळतो. इन्व्हर्टरच्या चौकोनी लाटेवर मोजताना वेगळी अडचण येते. साधा मीटर सरासरी मोजून साइन लाटेच्या हिशेबाने आरएमएस सांगतो, त्यामुळे तेथे ट्रू आरएमएस मीटरशिवाय वाचनावर विसंबू नये.

१७. ट्रान्सफॉर्मरमधून अचानक काहीच येईनासे झाले, पण जळका वास नाही. तो गेला का?

प्लग काढून प्रायमरीची कंटिन्यूटी, म्हणजे तिची तार सलग आहे का ते, मीटरने पाहावी. ती तुटलेली असेल तर वेढ्यांत दडवलेला थर्मल फ्यूज उडालेला असण्याची शक्यता मोठी आहे. तो ट्रान्सफॉर्मर जास्त तापल्यामुळेच उडतो, म्हणून त्याला वळसा घालून जोडणी करणे म्हणजे आगीला आमंत्रण देणे होय. नवा ट्रान्सफॉर्मर घ्यावा, आणि तो बसवण्याआधी जुना का तापला ते प्रश्न ५, ६ आणि ११ च्या आधारे शोधावे.

१८. जुन्या यंत्रातून काढलेल्या ट्रान्सफॉर्मरवर काहीच लिहिलेले नाही. तो किती व्होल्टचा आहे हे कसे ओळखायचे?

ट्रान्सफॉर्मर कशालाही जोडलेला नसताना सर्व तारांच्या जोड्यांचा रोध मोजावा. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीची तार बारीक व लांब असते, म्हणून तिचा रोध दहा-वीसपासून काहीशे ओहमपर्यंत भरतो. सेकंडरीचा एखाद-दोन ओहम किंवा त्याहून कमी. त्यानंतर त्याला थेट मुख्य पुरवठा देऊ नये. माहितीतल्या एखाद्या ट्रान्सफॉर्मरचे १२ व्होल्ट एसी त्या जास्त रोधाच्या वेढ्याला द्यावेत आणि दुसरीकडे काय येते ते मोजावे. समजा ०.७ व्होल्ट आले. मग २३० व्होल्टवर तेथे ०.७ भागिले १२ गुणिले २३०, म्हणजे सुमारे १३.४ व्होल्ट रिकामे मिळतील आणि ट्रान्सफॉर्मर बहुधा १२ व्होल्टचा असेल. चुकून सेकंडरीलाच १२ व्होल्ट दिले गेले तर दुसऱ्या टोकांवर शंभर-दोनशे व्होल्ट येऊ शकतात, म्हणून या चाचणीत कोणत्याही उघड्या टोकाला स्पर्श करू नये.

मुख्य पुरवठा पहिल्यांदा देताना ४० ते ६० वॉटचा फिलामेंटचा बल्ब सीरिजमध्ये ठेवावा. बल्ब क्षणभर उजळून विझला किंवा अगदी मंद राहिला तर वेढे शाबूत आहेत. तो लख्ख पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे. व्हीएचा अंदाज त्याच मापाच्या आणि वजनाच्या, लेबल असलेल्या ट्रान्सफॉर्मरशी तुलना करून बांधावा. मग लोड टप्प्याटप्प्याने वाढवत तासभर चालवून पाहावे आणि पुरवठा काढून वरून हात लावावा. हात टेकवून ठेवता येत नसेल तर तो बाहेरून साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे गेला आहे व आतील वेढे त्याहून गरम आहेत, तेव्हा लोड कमी करावा.